भुईनं ऐकलं ते

गुरुनाथ हत्तरगे कॅमेऱ्यासमोर बसले की लातुरातली निम्मी दुकानं मोबाइलचा आवाज वाढवायची आणि उरलेली निम्मी त्यांना शिव्या घालायची. गंमत म्हणजे शिव्या घालणारेही शेवटपर्यंत बघायचे. 'दणका' या त्यांच्या चॅनेलवर बातमी अशी फारशी नसायची. बातमी सगळ्यांना आधीच ठाऊक असायची. लोक यायचे ते तिच्यावर गुरुनाथ काय म्हणतात ते ऐकायला, आणि ते काय म्हणणार हेही ठरलेलंच असायचं. चांगलं झालं तर निर्धार पक्षामुळं, वाईट झालं तर जनहाक आघाडीमुळं.

नेमकं याच्या उलट ऐकायचं असेल तर 'उलटतपासणी' लावायचं. ते चॅनेल वैजयंता चालवायची. वैजयंता ही गुरुनाथांची सख्खी धाकटी बहीण. दोघं एकाच दैनिकात बातमीदार म्हणून घडली, दैनिक बंद पडलं आणि दोघांनी दोन कॅमेरे मांडले. मागच्या निवडणुकीत तिनं भर कार्यक्रमात भावाला पाळीव पोपट म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला भाड्याची जीभ म्हटलं. तेव्हापासून बोलणं बंद होतं. एकमेकांचे कार्यक्रम मात्र दोघंही चुकवत नसत.

महापालिकेच्या निवडणुकीचा प्रचार ऐन भरात आला होता. त्या रविवारी संध्याकाळी गंजगोलाईत, म्हणजे जिथं सोळा रस्ते येऊन मिळतात त्या गोल बाजारपेठेत, दोन्ही पक्षांच्या मिरवणुका समोरासमोर आल्या. ढोल, झेंडे, घोषणा, एकमेकांच्या आयाबहिणींचा उद्धार. इतक्यात प्रचंड धडाका झाला. माणसं वाट फुटेल तिकडं पळाली, एकमेकांवर पडली. कितीतरी जण जखमी झाले आणि भानुदास मोरगे नावाचे साठीतले एक गृहस्थ त्या चेंगराचेंगरीत गेले.

सोमवारी सकाळी शहरात दोन फ्लेक्स लागले. दोन्हींवर भानुदासांचा एकच फोटो. एकावर लिहिलं होतं, 'निर्धारचा निष्ठावंत शिलेदार'. दुसऱ्यावर, 'आघाडीचा हुतात्मा'.

त्याच दिवशी गुरुनाथांनी कार्यक्रम केला. गोलाईतल्या कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं चित्रण त्यांनी थांबवून दाखवलं. कडेला एक टेम्पो उभा होता. तो प्रल्हाद सगर या मंडपवाल्याचा. जनहाकच्या सभेचे मंडप तोच घालायचा. गुरुनाथांनी टेम्पोभोवती लाल वर्तुळ काढलं आणि भुवया उंचावून म्हणाले, "या टेम्पोत काय होतं? मी कुणावर आरोप करत नाही. मी फक्त विचारतोय."

संध्याकाळपर्यंत ते वर्तुळ सगळ्या शहराच्या फोनमध्ये पोचलं. सगरचं मंडपाचं गोदाम कुणीतरी पेटवून दिलं. पोलिसांनी सगरला चौकशीला नेलं. तिकडं वैजयंतानं एका इमारतीच्या गच्चीभोवती पिवळं वर्तुळ काढलं होतं. ती गच्ची निर्धारच्या नगरसेवकाची होती. तीही फक्त विचारत होती.

गुरुनाथांच्या बातमीदारानं गोलाईतल्या बऱ्याच लोकांना बोलतं केलं होतं. त्यातल्या चार-पाच म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं होतं की आवाज वरून नाही, खालून आला. ते कुणी मुद्दाम दडपलं नाही. पण त्याचा कार्यक्रम होत नव्हता, म्हणून ते राहून गेलं.

बुधवारी सकाळी गुरुनाथांना फोन आला.

"मी डॉक्टर नीलोफर काझी. शहराबाहेरच्या भूस्पंदन केंद्रातून बोलतेय. रविवारचा आवाज कशाचा होता ते मला कळलंय. तुम्ही येऊन बघावं अशी इच्छा आहे."

"मॅडम, पत्रक पाठवा की. आम्ही लावतो."

"प्रशासनाला अहवाल दिलाय. तो ते वाचतील तेव्हा वाचतील. उद्या सकाळी दोन्ही पक्षांचे निषेध मोर्चे गोलाईतच यायचेत. आणि तुम्हाला पत्रक पाठवलं तर तुम्ही त्यातली एक ओळ उचलाल. म्हणून अख्खं बघायला बोलावतेय."

गुरुनाथ चिडले, पण गेले. केंद्राच्या दारात वैजयंता चपला काढत होती. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि दोघंही एकदमच नीलोफर मॅडमवर उखडले, "हे आधी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर दोघंही आला नसता," त्या म्हणाल्या. "हत्तरगेसाहेब, तुम्हीपण चपला काढा."

आत एक अंधारी खोली होती. मधोमध लाकडी चौथरा, समोर भिंतभर पडदा. पडद्यावर गंजगोलाईचा नकाशा उजळला. मधलं वर्तुळ आणि त्यातून निघालेले सोळा रस्ते, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे. प्रत्येक रस्त्याखालून प्रकाशाची एक बारीक रेघ जात होती.

"ही इंटरनेटची केबल," नीलोफर मॅडम म्हणाल्या. "केसाएवढे काचेचे धागे. त्यातले काही धागे वापरात नसतात. किल्लारीसारखा भूकंप परत झाला तर आधी चाहूल लागावी म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही ते मागून घेतले. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात डोळ्यांना न दिसणारे दोष राहतात. आपण एका टोकातून लेसरचा ठोका सोडायचा. प्रत्येक दोषावर आपटून थोडासा प्रकाश माघारी येतो. वर कुणी पाऊल टाकलं की जमीन दबते, धागा अगदी कल्पनेपलीकडं बारीक ताणला जातो आणि तिथून येणारा प्रकाश जरासा बदलतो. असे सेकंदाला हजारो ठोके सोडत राहायचं. मग केबलचा मीटर-मीटर हा एकेक कान होतो. तुमच्या शहराखाली असे लाखो कान आहेत."

"म्हणजे लोकांचं बोलणं ऐकता?" गुरुनाथांमधला बातमीदार जागा झाला.

"नाही. घोषणा जमिनीत शिरत नाहीत. पावलं शिरतात. प्रत्येकाची चाल वेगळी, वजन वेगळं. हजारो पावलांच्या गुंत्यातून एकेक माणूस सुटा करायला आमच्या संगणकाला तीन दिवस लागले. नाव कळत नाही, चेहरा कळत नाही. चौथऱ्यावर उभे राहा. जमिनीला जे जाणवलं ते तुमच्या तळव्यांना जाणवेल. शंभरपट मोठं करून."

दोघं चौथऱ्यावर चढले. शक्य तितकं अंतर ठेवून.

आणि लाकूड जिवंत झालं.

आधी एक मंद गुणगुण आली, मधमाश्यांच्या पोळ्यावर हात ठेवल्यासारखी. पडद्यावर ठिपके पेटत गेले. रविवारची दुपार होती. हातगाडीचं एक चाक खडखडत गेलं आणि गुरुनाथांच्या पायाखालून ते खरंच गेल्यासारखं वाटलं. कुणी लंगडत होतं. एक जड पाऊल चाललं होतं आणि त्याच्या शेजारून दोन हलकी पावलं टुणटुण उड्या मारत होती. बाप आणि मूल. कापडाच्या दुकानापुढं पाच-सहा ठिपके कितीतरी वेळ एका जागी वजन बदलत उभे होते. दर घडीला शे-दोनशे माणसं येत होती, जात होती. हे शहर गुरुनाथांनी पंचवीस वर्षं लिहिलं होतं, बोललं होतं, पण त्याच्या छातीवर असा कान कधी ठेवला नव्हता. त्यांचा श्वास हळू झाला.

मग मिरवणुका आल्या. पूर्वेकडून एक, दक्षिणेकडून एक. आपल्या मिरवणुकीला ते जनसागर म्हणत आणि समोरच्या मिरवणुकीला भाडोत्री गर्दी. त्यांनी पायांनी फरक शोधला. खरोखर शोधला. सापडला नाही. दोन्हींकडं ढोलाच्या ठेक्यावर पावलं पडत होती. दोन्हींकडं मागं रेंगाळणारे होते, चप्पल तुटलेले होते, मुलं खांद्यावर घेतल्यानं जड झालेले होते. पडद्याखाली रंगाची खूण नसती तर कुठली कोणती हेही त्यांना सांगता आलं नसतं.

"आता," नीलोफर मॅडम हळूच म्हणाल्या.

धक्का खालून आला. ढोल नाही, पाऊल नाही. काहीतरी अफाट, ज्याला वर चाललेल्या माणसांची खबरसुद्धा नव्हती, त्यानं एकदा कूस बदलली. गुरुनाथ पंधरा वर्षांचे झाले. किल्लारीजवळच्या त्यांच्या गावात, पहाटेच्या अंधारात, डोक्यावरच्या माळवदाची माती अंगावर येत होती आणि सात वर्षांच्या वैजूचं मनगट त्यांच्या मुठीत होतं.

त्यांनी खाली पाहिलं. वैजयंतानं त्यांचं मनगट धरलं होतं. कधी धरलं, तिलाही कळलं नव्हतं.

"हा भूकंप होता," नीलोफर मॅडम सांगत होत्या. "अगदी लहान. एरवी कुणाच्या लक्षातही आला नसता. पण फार उथळ होता, शहराखाली दोनेक किलोमीटरवर. असा उथळ धक्का आपल्या कठीण खडकात तोफेसारखा वाजतो. नेहमीची भूकंपमापकं दूर आहेत. त्यांना तो रहदारीच्या थरथरीतून वेगळा काढता आला नाही. वर बॉम्ब फुटला असता तर लाट एका जागेवरून पसरत गेली असती. ही बघा. सोळाही रस्ते जवळजवळ एकदमच उचलले गेले."

पडद्यावर सगळे ठिपके क्षणभर थबकले. मग काही पळाले. सगळे नाही, मोजकेच, बाजारभर विखुरलेले.

"हे आधी का पळाले?" वैजयंतानं विचारलं.

"त्यांची चाल बघा. सगळे वयस्क आहेत."

किल्लारी पाहिलेली माणसं होती ती. कानांनी बॉम्ब ऐकला असेल, पण पायांनी ओळखलं होतं. आणि पन्नाशी-साठीची माणसं जिवाच्या आकांतानं धावताना पाहून मग सगळी गोलाई धावली होती.

बाहेर कडुलिंबाखाली एक बाक होतं. दोघं तिथं जाऊन बसले. नीलोफर मॅडमनी दोघांना सगळं चित्रण दिलं होतं, काहीही न कापता.

वैजयंता म्हणाली, "दादा, खरं सांग. आत असताना मथळा सुचला का नाही तुला?"

गुरुनाथ म्हणाले, "सुचला. तुमची जनहाकची मिरवणूक ठरलेला रस्ता सोडून आली होती. पडद्यावर स्पष्ट दिसलं. 'आघाडीनं मार्ग मोडला, म्हणून बळी गेला.'"

"आणि तुमचे निर्धारवाले वेळ संपून गेली तरी हलले नव्हते. माझा मथळा त्याच्यावर होता."

"भुई हलायली आणि आपण मथळे करायलोत, वैजू."

ती हसली नाही. "दोन्ही खरं आहे की. खोटं काहीच नाही त्यात. आपण नेहमी हेच करतो. खऱ्यातलं आपल्या कामाचं तेवढं उचलायचं."

तेवढ्यात गुरुनाथांचा फोन वाजला. निर्धारचे शहराध्यक्ष दिनकरराव होते. कुठून तरी त्यांना खबर लागली होती.

"गुरुनाथराव, ते रस्ता सोडल्याचं तेवढं लावा. भूकंप-बिकंप नंतर बघू. उद्या मोर्चा आहे, पोरं तापलीत. आता पाणी ओतू नका."

"दिनकरराव, पोरं कशावर तापलीत? मी काढलेल्या वर्तुळावर?"

"ते मी बघतो. तुम्ही आपलं काम करा."

फोन बंद झाला. वैजयंतानं सगळं ऐकलं होतं. "मलापण येईल असाच फोन," ती म्हणाली. "एकत्र बसून कार्यक्रम करू या का?"

"नको. एकत्र बसलो तर दोन्हीकडचे म्हणतील भाऊबहीण फितूर झाले. तुझं तुझ्या लोकांना तू सांग. माझ्यांना मी सांगतो. माझी माणसं तुझं एक अक्षर ऐकायची नाहीत."

त्या दुपारी 'दणका' लागला तेव्हा गुरुनाथांनी नेहमीची सुरुवात केली नाही. त्यांनी आधी सांगितलं, "सगरच्या टेम्पोभोवती मी वर्तुळ काढलं. तिथं बॉम्ब नव्हता. कुठंच नव्हता." मग त्यांनी चित्रण लावलं आणि बोलणं थांबवलं. चौथऱ्याची थरथर फोनमधून पोचवता येत नव्हती, म्हणून नीलोफर मॅडमनी ती कानाला ऐकू येईल अशी करून दिली होती. हजारो लोकांनी मोबाइल कानाला लावून आपल्याच गावाच्या पावलांचा आवाज ऐकला. भूकंपाच्या धक्क्यानंतर गुरुनाथ एवढंच म्हणाले, "जनहाकनं रस्ता सोडला होता. आपल्या निर्धारनं वेळ पाळली नव्हती. दोन्ही खरं आहे. पण भानुदास मोरग्यांना कुणी मारलेलं नाही. उद्या मोर्च्याला जायचं असेल तर हे ऐकून जा."

त्याच सुमारास वैजयंताही आपल्या लोकांना हेच सांगत होती.

शिव्यांचा पूर आला. कुणी म्हणालं, यंत्र विकलं गेलंय. कुणी म्हणालं, काझी बाईला कुणी नेमलं ते शोधा. 'दणका' बघणाऱ्यांचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात गुरुनाथांच्या डोळ्यांदेखत घसरत होता. पण मधूनच वेगळे फोन येऊ लागले. औशाहून, निलंग्याहून, शहरातल्या जुन्या वस्त्यांमधून. म्हातारी माणसं बोलत होती. "आम्ही त्या दिवशीच म्हणत होतो, बाबा. भुई वाजली म्हणून. कुणी ऐकून घ्यायलं नाही." त्यांनी घरातल्या पोरांना दरडावून बसवलं असावं. दुसऱ्या दिवशी मोर्चे निघाले, पण दोन्ही लहान निघाले आणि गोलाईच्या अलीकडंच विरले.

पुढं दिल्लीच्या तज्ज्ञांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा तिथंही तो इवलासा धक्का सापडला. प्रल्हाद सगर सुटला. गुरुनाथ त्याला भेटायला गेले. जळालेल्या कनाती उपसत तो उभा होता. त्यानं बसायला सांगितलं नाही.

"तुम्ही सुधारून सांगितलं ते ऐकलं," तो म्हणाला. "पण साहेब, तुमचा तो प्रश्न अजून फिरायलाय. मला काल परभणीच्या पाहुण्यानं पाठवला. उत्तर कुणी पुढं पाठवत नाही."

गुरुनाथ वाकून एक कनात उचलू लागले. सगरनं नको म्हटलं नाही.

दरम्यान कुणाच्या ध्यानीमनी नसलेली एक गोष्ट सुरू झाली होती. लोक भूस्पंदन केंद्रावर येऊ लागले. आधी एकटेदुकटे, मग रांग लावून. "मी त्या दिवशी भांड्यांच्या गल्लीपाशी होतो. मला माझी पावलं दाखवता का?" चपला काढून ते चौथऱ्यावर उभे राहायचे आणि उतरताना हळू आवाजात बोलायचे, देवळातून बाहेर पडल्यासारखे. नीलोफर मॅडमना मदत म्हणून गुरुनाथ आणि वैजयंता दोघंही दुपारचे तिथं जाऊ लागले. रांग लावायची, नावं विचारायची, म्हाताऱ्यांना हात द्यायचा. आपण काही बोलायची गरज नाही, हे दोघांनाही फार विचित्र वाटायचं. मग बरं वाटायला लागलं.

एका दुपारी कौसाबाई मोरगे आल्या. भानुदासांच्या पत्नी. शेजारीण सोबत होती. दोन्ही पक्षांचे लोक त्यांच्या घरी जाऊन शाली देऊन आले होते.

"आमचे हे कुठल्याच मिरवणुकीत नव्हते," त्यांनी नीलोफर मॅडमना आधी तेच सांगितलं. "कुकरची रिंग आणायला गेले होते. म्हटलं होतं मी, उद्या आणा. मला एवढंच बघायचंय बाई, ते पडले तेव्हा तिथं... म्हणजे लोक त्यांच्या अंगावरून..."

नीलोफर मॅडमनी कौसाबाईंचा हात धरून त्यांना चौथऱ्यावर नेलं आणि पडद्यावर ती जागा मोठी केली. संथ, जराशी उजवीकडं झुकलेली एक चाल रस्त्याच्या कडेनं येत होती.

"हेच," कौसाबाई लगेच म्हणाल्या. "गुडघा दुखायचा त्यांचा."

धक्का आला. गर्दी फिरली. ती चाल अडखळली आणि जमिनीवर एक जड ठोका पडला. कौसाबाईंनी डोळे मिटले. पण पाय तिथंच होते आणि पायांना कळत होतं. धावत्या पावलांचा लोंढा त्या जागेवर आला आणि फुटला. दोन्ही बाजूंनी वळून पुढं गेला. मध्ये काहीतरी उभं होतं.

"हे काय?" वैजयंता पुढं आली.

"माणसं," नीलोफर मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाजही बदलला होता. इतक्या जवळून त्यांनीही हे पाहिलं नव्हतं. "सात जण. गोल करून उभे आहेत. टाचा रोवलेल्या, वजन सगळं बाहेरच्या बाजूला. गर्दीला रेटून धरलंय त्यांनी."

सात जोड पावलांची ती थरथर चौथऱ्यात भरून राहिली. मागून धक्के बसत होते, पावलं घसरत होती, पुन्हा रोवली जात होती. लोंढा संपत नव्हता. एकही पाऊल जागा सोडून गेलं नाही. एका क्षणी त्यातलं एक कोसळलं आणि लगेच धावत्या गर्दीतून एक नवं पाऊल वळलं, त्या रिकाम्या जागेत येऊन उभं राहिलं.

"छातीवर मार आधीच बसला होता, पडतानाच," नीलोफर मॅडम म्हणाल्या. "डॉक्टरांनीही तेच लिहिलंय. पण नंतर त्यांच्या अंगावर कुणाचं पाऊल पडलेलं नाही."

कौसाबाईंनी डोळे उघडले. "कोण होते हे?"

"नाव कळत नाही, आजी." मॅडम म्हणाल्या. "पण पावलं उलटी नेत गेलं तर कोण कुठल्या मिरवणुकीतून आलं होतं, ते दिसेल. बघायचंय?"

गुरुनाथांनी वैजयंताकडं पाहिलं. शहरातल्या प्रत्येकाला हवं असलेलं उत्तर एका बटणाच्या अंतरावर होतं. सातातले किती आपले, किती त्यांचे.

"नको," कौसाबाई म्हणाल्या. "ते उभे राहिले ना. बास मला." मग जरा वेळानं, "परत एकदा लावता का?"

नीलोफर मॅडमनी परत लावलं. गुरुनाथांनी चपला काढल्या. वैजयंतानंही काढल्या. दोघं चौथऱ्यावर चढले आणि कौसाबाईंच्या दोन बाजूंना उभे राहिले. पायाखाली ती सात माणसं पुन्हा एकदा टाचा रोवून उभी राहत होती.